मुसा रेमूचे कंपू

मुंबई-पुण्याकडून हैद्राबादेस जाणारा मराठी प्रवासी पिढ्यानपिढ्या ज्या नामपल्लीच्या स्टेशनावर उतरत आला, त्या स्टेशनाचा आसमंत लॉज, खाणावळी आणि सरकारी कचेऱ्या यांनी इतका गजबजून गेला आहे की, हा सारा माळ एके काळी फौजांच्या तळांचा होता ही गोष्ट कोणी सांगितल्यावाचून ध्यानी येऊ नये. स्टेशनापासून जवळच युसुफैन दर्गा आहे. तेथे ज्या दोन सत्पुरुषांच्या कबरी आहेत ते युसुफबाबा आणि शरीफबाबा मुळात औरंगजेबाच्या लष्करातले शिपाई. १६८७ साली गोवळकोंड्यास वेढा पडला असता एका रात्री वादळाने छावणीतले सारे दिवे विझले, डेरे उन्मळून पडले, आणि या दोघांच्या राहुटीतला दिवा तेवढा जळत राहिला, अशी आख्यायिका भाविक लोक आजही सांगतात. तेथून पूर्वेस थोडे गेले की फतेह मैदान लागते. गोवळकोंडा पडल्यावर बादशाही फौजेने येथे विजयोत्सव केला म्हणून हे नाव पडले, असे म्हणतात. या मैदानाच्या लगत, दुकाने आणि बँका यांच्या गर्दीत, जाड भिंतींच्या एका जुन्या बांधकामाचे अवशेष उभे आहेत. गावातले जुने लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणतात आणि त्या साऱ्या वस्तीला गनफाउंड्री हे नाव त्यावरूनच मिळाले आहे. ही तोफा ओतण्याची शाळा १७८६ च्या सुमारास निजामअलीखानाच्या नोकरीतील ज्या फ्रेंच सरदाराने उभी केली, त्याचे नाव मिशेल जोआशिम मारी रेमों. मराठी कागदांतला मुसा रेमू तो हाच. हैद्राबादच्या रयतेत मुसलमानांनी त्याला मुसा रहीम केले आणि हिंदूंनी मुसा राम.

या माणसाशी मराठ्यांची गाठ एकाच रणांगणावर पडली, पण ते रणांगण खर्ड्याचे होते. खर्ड्याची लढाई आपण मराठी लोक अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान खोटाही नाही. मात्र ती सांगताना समोरच्या फौजेचा जो एक भाग त्या दिवशी दुपारी जागचा हलला नाही, त्याची हकीकत बहुधा दोन ओळींत आटोपली जाते. ती थोडी सविस्तर सांगावी, आणि ज्याने तो भाग घडविला त्याचे चार युद्धांतले आयुष्य त्या निमित्ताने पाहावे, एवढाच येथे हेतू आहे.

रेमों १७५५ साली फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतातील सेरिन्याक गावी एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. गॅस्कनीचे लोक फ्रेंचांमध्ये तापट, बोलघेवडे आणि उठल्याबसल्या तलवारीला हात घालणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु हा विसाव्या वर्षी, १७७५ मध्ये, पाँडिचेरीस, म्हणजे जुन्या कागदांतल्या फुलचरीस, येऊन उतरला तो दुकान थाटण्यासाठी. त्या दुकानात त्याचे मन फार दिवस राहिले नाही. शेव्हालिए द लासे नावाच्या एका फ्रेंच अंमलदाराची तुकडी त्या वेळी म्हैसुरास हैदरअलीच्या चाकरीत होती. तीत तो कनिष्ठ अंमलदार म्हणून दाखल झाला, आणि येथून पुढची तेवीस वर्षे, मरेपर्यंत, त्याने हिंदुस्थानी दौलतींच्या लढायांखेरीज दुसरा उद्योग केला नाही.

असे फ्रेंच त्या काळी दक्षिणेत पुष्कळ होते, आणि त्यांची परंपराही नवी नव्हती. १७५१ पासून सात वर्षे बुसी हैद्राबादेस निजामाच्या पदरी राहून सारी दौलत आपल्या बोटांवर नाचवीत होता. त्याच्या हाताखाली कवाईत शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे निजामअलीची नोकरी सोडून पेशव्यांकडे आला, उदगिरास त्याने आपल्या जुन्या धन्याचीच फळी फोडली आणि पानिपतावर भाऊसाहेबांसाठी प्राण दिले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. कवाइती पायदळाचा धाक काय असतो हे निजामअलीने उदगिरास स्वतःच्या अंगावर झेलून पाहिले होते. पंचवीस वर्षांनी पुन्हा एका फ्रेंच माणसाला त्याने पदरी ठेवले, त्याच्या मुळाशी ही आठवण नसेल असे मला वाटत नाही.

रेमोंच्या पहिल्या युद्धात त्याला शिकावयास मिळाले ते याच बुसीच्या हाताखाली. इंग्रजांशी हैदराचे युद्ध चालू असता डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, टिपू गादीवर आला, आणि मार्च १७८३ मध्ये फ्रेंच सरकारने पाठविलेला म्हातारा, संधिवाताने जेरीस आलेला बुसी पुन्हा हिंदुस्थानात येऊन उतरला. रेमोंची नेमणूक त्याच्या खास हाताखालच्या अंमलदारांत झाली. जून महिन्यात कडलूर येथे इंग्रज सेनापती स्टुअर्ट याने बुसीला कोंडले. समुद्रावर फ्रेंच आरमाराचा सरदार सुफ्रें याने इंग्रजी आरमाराला हटविले, किनाऱ्यावर खलाशी उतरवून बुसीला कुमक दिली, आणि आता वेढा उठविण्याची नौबत इंग्रजांवर येणार अशी चिन्हे दिसू लागली. तोच युरोपात उभय राष्ट्रांचा तह झाल्याची बातमी येऊन थडकली आणि दोन्ही फौजांनी बंदुका खाली ठेवल्या. रणांगणावर हातात आलेले रणांगणाबाहेरच्या निर्णयाने निसटून जाते, हा अनुभव रेमोंला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आला. आणि तो शेवटचा नव्हता.

१७८५ च्या आरंभी बुसी पाँडिचेरीस वारला. त्यानंतर लवकरच पाँडिचेरीच्या फ्रेंच गव्हर्नराच्या संमतीने रेमों निजामअलीच्या नोकरीत आला. आरंभ अगदीच बेताचा होता: तीनशे माणसे, आणि त्यांच्या हातातल्या बंदुकाही स्वतःच्या नव्हेत, एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून दरमहा आठ आणे भाड्याने आणलेल्या, अशी नोंद इंग्रजांनी करून ठेविली आहे. ज्याच्या शिपायांच्या खांद्यावरच्या बंदुका भाड्याच्या आहेत अशा सेनापतीची कोणी चेष्टाही केली असेल. परंतु दुकानदाराच्या मुलाला भाड्याचा हिशेब चांगला कळत होता, आणि भाड्याने घेतलेली वस्तू फार दिवस भाड्याने ठेवू नये हेही कळत होते. नामपल्लीजवळची ओतशाळा ही त्या हिशेबातूनच निघाली.

तोफ ओतणे म्हणजे काय काम असते याची कल्पना आज त्या भिंतींकडे पाहून येत नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे आधी तोफेच्या मापाचा चिकणमातीचा साचा करावयाचा. मातीत घोड्याची लीद आणि केस कालवावयाचे, म्हणजे ती भाजताना तडकत नाही. साचा वाळवून, भाजून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून भट्टीसमोरच्या खड्ड्यात उभा पुरावयाचा, भोवती माती धुमसून बसवावयाची, आणि मग नऊदहा भाग तांबे व एक भाग कथील यांचा रस एका दमात त्यात सोडावयाचा. रसात कोठे हवा अडकली, साच्यात कोठे ओल राहिली, तर तोफ तयार होते खरी, पण पहिल्या किंवा दहाव्या बाराला फुटते आणि शत्रूऐवजी स्वतःच्या गोलंदाजांचा फडशा पाडते. थंड झाल्यावर खड्डा उकरून, साचा फोडून, आतली नळी सरळ कोरून काढावयाची. ती केसभर वाकडी गेली तर गोळा कोठे जाईल याचा नेम नाही. हे काम जाणणारा कारागीर त्या वेळी सोन्याच्या मोलाचा होता. रेमोंने असे कारागीर जमविले, तोफांबरोबर बंदुकाही बनविण्याची व्यवस्था केली, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या कारखान्यातला माल कंपनी सरकारच्या मालाच्या तोडीचा होतो असे हैद्राबादचे इंग्रज रेसिडेंट कलकत्त्यास कळवू लागले. शत्रूच्या वकिलाने केलेली ही स्तुती असल्यामुळे तीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

पलटणी वाढत गेल्या. मराठी भाषेत अशा कवाइती पलटणींच्या समूहाला कंपू म्हणत. शिंद्यांकडे द बॉयने उभारलेले कंपू उत्तरेत जे करीत होते तेच दक्षिणेत रेमोंचे करू लागले. त्याच्या यशाचे रहस्य कवाइतीपेक्षा पगारात होते असे माझे मत आहे. त्या काळच्या हिंदुस्थानी दौलतींत शिपायाची तलब सहा सहा, आठ आठ महिने चढणे हा नित्याचा प्रकार. मग शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसावयाचे, सरदार दिवाणाच्या, आणि दिवाण सावकाराच्या. रेमोंने फौजेच्या खर्चासाठी नक्त तनख्याऐवजी मुलूख लावून घेण्याची तजवीज केली, आणि त्या मुलखाचा वसूल आपल्या माणसांकरवी करून शिपायाचा रोजमुरा वेळेवर हातात पडेल असे पाहिले. लोक त्याला मुसा राम म्हणू लागले त्याचे कारण एवढेच असेल असे नाही, तो स्वभावाने दयाळू होता असे सर्वच सांगतात. पण ज्याच्या घरात महिनाअखेर पगार येतो त्या शिपायाला धनी दयाळू वाटणे स्वाभाविक आहे.

१७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांची त्रिवर्ग मसलत झाली, आणि रेमों आता त्याच म्हैसूर दौलतीवर चालून गेला जिच्या चाकरीत त्याने पहिली तलब घेतली होती. निजामाच्या फौजेचे या युद्धातील मोठे काम म्हणजे कोप्पळचा वेढा. तो कित्येक महिने रेंगाळून एप्रिल १७९१ मध्ये किल्ला मिळाला. हे युद्ध येथे विस्ताराने सांगण्याजोगे नाही. रेमोंचा लौकिक मात्र यात वाढला, आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात कडपा प्रांत निजामाच्या वाट्यास आला ही गोष्ट पुढे त्याच्या चरित्रात उपयोगी पडणार होती. निजामअलीने त्याला अझदर जंग आणि मुतहव्वर-उल्-मुल्क असे किताब दिले. तिकडे फ्रान्समध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आले. तेव्हा रेमोंच्या तळावर तिरंगी निशाण फडकू लागले आणि त्याच्या पलटणींच्या गुंड्यांवर स्वातंत्र्याची टोपी उमटली. ज्या दरबारात कुर्निसात करताना हात जमिनीला लावावा लागे, त्या दरबारचे शिपाई छातीवर ही टोपी मिरवीत, यात कोणालाच काही विसंगत वाटले नाही.

टिपूचे युद्ध संपले आणि मराठ्यांच्या चौथाईचा जुना वाद पुन्हा निघाला. पुण्याचे वकील गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे बाकीचा हिशेब मांडीत होते. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क, म्हणजेच आझम-उल्-उमरा, हिशेबाचे उत्तर हिशेबाने न देता उद्दामपणाने देत होता, आणि नाना फडणिसांची नक्कल भर दरबारात करण्यापर्यंत मजल गेली होती. या उद्दामपणाला रेमोंच्या पलटणींचा आधार होता हे उघड आहे. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने मात्र आपण या भांडणात पडणार नाही असे सांगितले, आणि निजामाजवळच्या दोन इंग्रजी पलटणी मराठ्यांवर चालविण्याची परवानगी नाकारली. निजामअली बेदरहून निघाला तो रेमोंच्या भरवशावर.

इकडे मराठ्यांनी जी जमवाजमव केली तशी पुन्हा कधी झाली नाही. तरुण सवाई माधवराव स्वतः बाहेर पडले. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले, पटवर्धन, फडके, सारे एका निशाणाखाली आले, आणि सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे दिले गेले. दोन्ही फौजा मिळून दोन लाखांवर माणूस होता असा मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचा हिशेब आहे. गमतीची गोष्ट अशी की, शिंद्यांचे कंपू पेराँ या फ्रेंच माणसाच्या हाताखाली होते आणि होळकरांच्या पलटणी द्युद्रनेक या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या. म्हणजे चौथाईच्या हिशेबासाठी आताच्या जामखेड तालुक्यात फ्रेंच फ्रेंचांवर तोफा डागणार होते. त्यांपैकी एकालाही चौथाई म्हणजे काय ते नीटसे सांगता आले असते की नाही, याची मला शंका आहे.

निजामाची फौज मोहरीच्या घाटाने खाली उतरली, आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याहून परांड्याच्या रोखाने कूच करू लागली. परशुरामभाऊ थोड्या स्वारांनिशी शत्रूचा अदमास घेण्यास पुढे गेले असता पठाण स्वारांनी त्यांच्यावर एकाएकी झडप घातली. खुद्द भाऊंना जखम झाली, त्यांचे पुतणे विठ्ठलराव पडले, आणि आघाडीच्या मराठी घोडदळात अशी पळापळ झाली की दिवसाचा निकाल तेथेच लागतो की काय असे क्षणभर वाटले. पळणाऱ्यांना सावरले ते शिंद्यांचा बक्षी जिवबादादा याने. हा मूळ गोव्याकडचा शेणवी. कोकणातल्या लेखणीच्या कुळातून येऊन त्याने जी तलवार गाजविली तिचे ऋण मराठी इतिहासाने पुरते फेडलेले नाही. पठाणांचे घोडदळ पाठलाग करीत पुढे घुसले, आणि उंचवट्यावर दडवून ठेवलेल्या पेराँच्या तोफांच्या माऱ्यात अचूक सापडले; त्याच वेळी रघूजी भोसल्यांच्या लोकांनी बाणांची सरबत्ती केली. बाण म्हणजे येथे धनुष्याचे नव्हेत, लोखंडी नळीचे दारूचे. ते फुरफुरत, वाकडेतिकडे जमिनीवरून सरपटत घोड्यांच्या पायांत शिरले की घोडे आवरणे ब्रह्मदेवालाही शक्य नसे. मोगलांचे, म्हणजे निजामाचे, घोडदळ उधळले.

या गोंधळात रेमोंचे पायदळ मात्र उभे राहिले. घोडदळ आपल्या दोन्ही अंगांनी उधळून मागे जात असता पायदळाने रांग न मोडता उभे राहणे ही लष्करी शास्त्रातली सर्वांत अवघड गोष्ट. कारण शिपायाला समोरच्या गोळीपेक्षा शेजारची रिकामी झालेली जागा अधिक घाबरवते. रेमोंच्या पलटणी उभ्या तर राहिल्याच, पण समोरच्या पेराँच्या पलटणींवर त्यांची थोडीशी सरशीही होऊ लागली होती, असे मराठ्यांविषयी आदर बाळगणारा डफच लिहितो. अशा घटकेस मागून निजामाचा हुकूम आला की परत फिरा. रेमोंने तो मानला नाही. पुन्हा हुकूम आला, आणखी एकदा आला, आणि शेवटी निजामाचा हत्तीच खर्ड्याकडे वळलेला दिसला तेव्हा त्याला मागे फिरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

निजामाच्या या माघारीचे खापर त्याच्या जनान्यावर, विशेषतः बक्षी बेगमेवर, फोडण्याची चाल पडून गेली आहे: तोफांच्या आवाजाने ती भ्याली आणि तिने नवाबाला मागे फिरण्यास भाग पाडले, असे. ती भ्याली असेल. तोफांना भिणे हे कोणालाही लांच्छनास्पद नाही. पण एकसष्ट वर्षांचा, तीस वर्षांहून अधिक काळ दौलत सांभाळलेला पुरुष जनाना बरोबर घेऊन रणांगणावर येतो आणि त्याच्या मुक्कामाची सोय लढाईच्या आधी मागे कोठे तरी करीत नाही, तेव्हा दोष बेगमेचा मानावयाचा की तिला घेऊन येणाऱ्याचा, हे बखरकारांनी विचारावयास हवे होते.

दिवस मावळला तेव्हा पराभव असा कोणाचाच झालेला नव्हता. उभयपक्षी मिळून पडलेली माणसेही थोडी होती. खरा अनर्थ रात्री झाला. मराठ्यांचे काही स्वार घोड्यांना पाणी पाजण्यासाठी एका ओढ्यावर आले. त्यांची चाहूल लागताच रेमोंच्या पहारेकऱ्यांनी गोळी झाडली, तिला तळावरून उत्तर म्हणून आणखी गोळ्या सुटल्या, आणि काळोखात कोण कोणावर झाडतो हे कळेनासे होऊन साऱ्या छावणीभर ‘मराठे आले’ असा एकच हाकाटा उठला. जनाना, हत्ती, बुणगे, बाजार, सारे एकमेकांवर कोसळले. निजामअली घाईघाईने खर्ड्याच्या छोट्या किल्ल्यात शिरला, आणि सकाळी मराठे पाहतात तो तोफा, दारूगोळा, डेरे, सामान मैदानात पसरलेले, आणि कालच्या फौजेचा दहावा हिस्साही शिल्लक नाही. दिवसभर न मोडलेली शिस्त रात्री स्वतःच्याच पहारेकऱ्याच्या गोळीने मोडली, आणि तीत रेमोंचा वाटा नव्हता असे म्हणता येत नाही.

किल्ल्यात पाण्याची टंचाई पडली, दोन दिवस वरून गोळे पडत राहिले, आणि निजामाने तहाचे बोलणे लावले. मराठ्यांची पहिली मागणी मुशीरुल्मुल्काला हवाली करण्याची होती. ती निजामाने नाइलाजाने मान्य केली. परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीवरचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, उदगिरानंतर सोडून दिलेला प्रदेश, आणि चौथाईची बाकी व युद्धखर्च मिळून तीन कोटी रुपये, अशी कलमे ठरली. एवढा विजय पदरात पडला असता वीस वर्षांचे सवाई माधवराव खिन्न बसलेले नानांना दिसले. कारण विचारता, मोगलांनी इतक्या हीनपणे शरण यावे आणि आपल्या लोकांनी न लढता मिळालेल्या यशाची फुशारकी मारावी, याचेच वाईट वाटते, असा त्यांच्या उत्तराचा आशय डफने दिला आहे. ही हकीकत खरी मानली तर त्या छावणीत लढाईचे मर्म ज्याला नेमके कळले असा एकच माणूस होता, आणि तो साडेसात महिन्यांनी या जगात राहिला नाही.

हैद्राबादेस परतल्यावर निजामाचा राग इंग्रजांवर निघाला. ऐन वेळी कामी न आलेल्या दोन्ही इंग्रजी पलटणी त्याने रवाना केल्या आणि रेमोंचे बळ वाढविले. तेवढ्यात २८ जूनच्या रात्री निजामाचा मुलगा अलीजाह शहरातून पळाला, बेदर बळकावून बसला आणि बापाविरुद्ध बंडाचे निशाण उभारले. गेलेल्या इंग्रजी पलटणी निजामाने घाबरून परत बोलाविल्या. परंतु त्या येऊन पोचण्याच्या आत रेमोंने बंडखोर शहाजाद्याचा पाठलाग करून त्याला औरंगाबादेस गाठले आणि कैद केले. हैद्राबादेस आणीत असता वाटेतच अलीजाह मेला. त्याने विष घेतले असे म्हणतात. बापाच्या हुकमाने मुलाला पकडून आणण्याचे काम कोणत्याही चाकराला नकोसे वाटावे असेच, आणि रेमोंच्या चार युद्धांपैकी हे अखेरचे.

आता तो वैभवाच्या शिखरावर होता. चौदा हजारांच्या आसपास कवाइती फौज, स्वतःचा तोफखाना, स्वतःचा कारखाना, आणि फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलूख. कडप्याकडे त्याची माणसे दिसू लागताच इंग्रजांची झोप उडाली, कारण कडप्यापासून कर्नाटकचा किनारा दूर नाही, आणि त्या किनाऱ्यावर एखादे फ्रेंच आरमार उतरले तर त्याला जमिनीवरून हात देण्यास रेमों पुढे येईल हा तर्क करण्यास मोठी बुद्धी लागत नव्हती. हैद्राबादेत त्याच्याविरुद्ध तोल राखण्यासाठी इंग्रजांना अनुकूल अशा दुसऱ्या लहान तुकड्या ठेवण्यात आल्या. एक फिंग्लास नावाच्या आयरिश माणसाची, दुसरी बॉइड नावाच्या अमेरिकनाची. हा बॉइड पुढे मायदेशी परत गेला आणि तेथल्या इंडियन टोळ्यांशी व नंतर कॅनडाच्या सरहद्दीवर इंग्रजांशी लढला. अठराव्या शतकाच्या शेवटी भागानगरच्या, म्हणजे हैद्राबादच्या, पेठेत काय काय माणसे वावरत होती, त्याचा हा एक मासला.

पुण्यात सवाई माधवराव वारल्यावर जो घोळ झाला त्यात नानांनी ओलीस ठेवलेल्या दिवाणालाच आपल्या बाजूला वळविले. १७९६ च्या महाडच्या करारात खर्ड्याचे बहुतेक सारे यश परत दिले गेले, आणि मुशीरुल्मुल्क १७९७ मध्ये मोठ्या सन्मानाने हैद्राबादेस परतला. तो परतला तो इंग्रजांचा पक्षपाती होऊन. रेमोंच्या जोरावर ज्याने नानांची नक्कल करविली होती, तोच आता रेमोंचे पंख कापू लागला. अशा स्थितीत २५ मार्च १७९८ रोजी रेमों एकाएकी मरण पावला; वय त्रेचाळीसच्या आत. विषाची कुजबूज त्याच दिवशी सुरू झाली आणि अजून थांबलेली नाही. मुसी नदीच्या दक्षिणेस अस्मानगडच्या टेकडीवर त्याचे दफन झाले. तेथे सुमारे तेवीस फूट उंचीचा ग्रॅनाइटचा निमुळता स्तंभ आहे, त्यावर त्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत, आणि शेजारच्या वस्तीला मुसारामबाग म्हणतात. पुण्यतिथीला तेथे उदबत्त्या आणि दिवे लागत, आणि निजामाच्या वाड्यातून बिअरची बाटली व चिरुटांची पेटी पाठविली जाई, असे सांगतात. एखाद्या पिराच्या उरुसाला बिअर जाण्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

त्याच्या जागी पिराँ नावाचा फ्रेंच अंमलदार आला. तो शूर असेल, पण त्याला ना रेमोंचे वजन होते ना त्याची हिशेबाची दृष्टी, आणि शिपायांचा पगार थकू लागला. इकडे मे १७९८ मध्ये लॉर्ड वेलस्ली कलकत्त्यास दाखल झाला होता, आणि हैद्राबादची फ्रेंच फौज मोडल्यावाचून टिपूला हात घालावयाचा नाही हे त्याने येतानाच ठरविले होते. १ सप्टेंबरला निजामाशी तह झाला. तैनाती फौज वाढवावयाची आणि फ्रेंचांना निरोप द्यावयाचा. निजाम मात्र शेवटपर्यंत कचरत राहिला, आणि रेसिडेंट कर्कपॅट्रिकने त्याला धमकावून हुकूम काढावयास लावला. तो हुकूम फ्रेंच तळावर पोचताच शिपायांनी बंड केले, पण ते इंग्रजांविरुद्ध नव्हे, थकलेल्या पगारासाठी आपल्याच अंमलदारांविरुद्ध. समजूत घालावयास गेलेला इंग्रज अंमलदार कॅप्टन माल्कम स्वतःच त्या जमावात सापडला. त्याला सोडविले ते पूर्वी त्याच्या पलटणीत असलेल्या आणि पळून येऊन रेमोंकडे चाकरीस राहिलेल्या काही शिपायांनी. दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबर १७९८ रोजी, कर्नल रॉबर्ट्सने तळाला चोहोंकडून तोफा लावल्या, आणि थकलेला पगार मिळेल असे वचन मिळताच सुमारे अकरा हजार शिपायांनी बंदुका ठेवून दिल्या. एक गोळी सुटली नाही. खर्ड्याच्या रणात तीनदा हुकूम येईपर्यंत न हटलेल्या या पलटणी हैद्राबादच्या मैदानात पगाराच्या शब्दावर विरघळल्या. त्यांना भित्रे म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या घरी किती महिने चूल नीट पेटली नव्हती ते पाहावे.

पिराँ आणि त्याचे सोबती कैदी होऊन गेले. शिपाई बहुतेक निजामाच्याच चाकरीत राहिले, नव्या अंमलदारांखाली; आणि चार महिन्यांच्या आत त्यांतले पुष्कळ इंग्रजांच्या मदतीस जाणाऱ्या निजामी पायदळात, माल्कमच्याच देखरेखीखाली, श्रीरंगपट्टणच्या वाटेला लागले. ४ मे १७९९ रोजी ते शहर पडले आणि टिपू मारला गेला. रेमोंने घडविलेल्या या पायदळाने वाटेत पुन्हा एकदा बंड केले होते, आणि माल्कमने ते तिथल्या तिथे मोडले होते.